पहिली ट्रायल्स मोटारसायकल : उंच आणि वजनदार चालकाचा अनुभव

माझी उंची 6 फूट 3 इंच आणि वजन 108 किलो आहे. आजच्या ट्रायल्स मोटारसायकलचे वजन साधारण 66 ते 75 किलो भरते, तिच्या टाकीत जेमतेम दोन-अडीच लिटर पेट्रोल मावते आणि सीट तिला जवळजवळ नसतेच, कारण ती बसून चालवायची गाडी नव्हे. मी हेल्मेट, बूट आणि गुडघ्यांचे संरक्षक चढवून फूटरेस्टवर उभा राहिलो की गाडी आणि चालक यांच्या एकत्रित वजनातला साठ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या माझा असतो. 190 किलोंच्या बुलेटवर चालक दहा-वीस किलोंनी कमी-जास्त असला तरी गाडीच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. ट्रायल्समध्ये मात्र तोच फरक गाडीचा कल, तिचा तोल आणि पुढच्या चाकाची पकड बदलून टाकतो. माझ्यासारख्या बांध्याच्या माणसाने पहिली गाडी घेताना इंजिनाच्या सीसीचा प्रश्न आधी सोडवू नये, आधी हँडल, फूटरेस्ट आणि स्प्रिंगा यांचा विचार करावा, या मतापर्यंत मी कसा आलो ते येथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी पुण्याला किंवा नाशिकला मातीतल्या शर्यती पाहिल्या आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रायल्स म्हटले की उड्या आणि वेग येईल, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. या खेळात जिंकण्या-हरण्याचा निकष वेग नसतो. ओढ्यातून, निसरड्या मुळांवरून, दगडांच्या राशीतून फिती लावून आखलेला एक छोटा मार्ग असतो, त्याला सेक्शन म्हणतात, आणि तो पाय न टेकता पार करायचा असतो. पाय एकदा टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, त्याहून अधिक वेळा कितीही टेकला तरी तीन, आणि पडलात किंवा मार्गाबाहेर गेलात की पाच. प्रत्येक सेक्शनपाशी एक निरीक्षक हातात गुणपत्रक घेऊन उभा असतो. ज्याचे दंड सर्वांत कमी, तो जिंकला. चालण्याच्या वेगाने चाललेल्या या खेळात शरीराची प्रत्येक हालचाल गाडीपर्यंत पोहोचते, आणि म्हणूनच शरीराचा आकार इथे इतका महत्त्वाचा ठरतो.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, लीड्सला राहतो. यॉर्कशर हे या खेळाचे जुने माहेर आहे. शिप्ली येथील स्कॉट मोटारसायकल कारखान्याच्या कामगारांसाठी 1914 साली सुरू झालेली स्कॉट ट्रायल आजही स्वेलडेलच्या परिसरात भरते, आणि 1997 ते 2003 अशी सलग सात वर्षे जगज्जेता राहिलेला डगी लॅम्पकिन हा इथल्याच सिल्सडेनचा. त्यामुळे रविवारी सकाळी तासाभराच्या अंतरावर कुठे ना कुठे क्लबची ट्रायल चाललेली असते आणि कोणीही जाऊन उभे राहून पाहू शकते. मी गाडी शोधायला लागण्यापूर्वी बरेच रविवार असे केवळ पाहण्यात घालवले आणि तो वेळ अतिशय सत्कारणी लागला असे मला वाटते. पाहताना मी माझ्या बांध्याचे चालक हेरत असे. ते कोणती गाडी चालवतात यापेक्षा ते गाडीवर कसे उभे राहतात हे निरखावे, असा सल्ला एका वयोवृद्ध निरीक्षकांनी दिला. ‘‘उंच माणूस कमरेत वाकलेला दिसला,’’ ते म्हणाले, ‘‘की समजा त्याची गाडी त्याला लहान होते आहे. गुडघ्यात वाकलेला दिसला तर ती त्याच्या मापाची आहे.’’

हे वाक्य मी पुढे प्रत्येक गाडीपाशी वापरले, कारण त्यात या सगळ्या निवडीचे मर्म आहे. ट्रायल्समध्ये उभे राहण्याची योग्य पद्धत अशी : पाऊल फूटरेस्टवर मध्यभागी, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, कोपरे बाहेर, आणि डोके साधारण हँडलच्या वर. सरासरी उंचीच्या माणसाला कारखान्यातून आलेल्या गाडीवर ही स्थिती आपोआप मिळते. माझ्यासारख्याचे हात हँडलपर्यंत पोहोचायचे तर पाठ वाकवावी लागते. पाठ वाकली की खांदे पुढे येतात, शरीराचा भार पुढच्या चाकावर जातो, आणि ज्या क्षणी दगडावर चढण्यासाठी पुढचे चाक हलके व्हायला हवे त्याच क्षणी ते जड झालेले असते. शिवाय अर्ध्या तासात कंबर भरून येते, आणि दमलेला चालक अधिकच वाकतो.

पहिल्यांदा प्रत्यक्ष गाडी हाताळली ती एका प्रशिक्षण केंद्रात. इथे अशी केंद्रे आहेत जिथे एका दिवसासाठी गाडी, हेल्मेट आणि शिक्षक असे सारे भाड्याने मिळते. पहिली गाडी विकत घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने, आणि वजनदार माणसाने तर हमखास, आधी असा एक दिवस काढावा असे माझे ठाम मत आहे. तिथे मला 125, 250 आणि 300 सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या एकाच उतारावर, एकाच ओल्या मातीवर, एकामागून एक चालवता आल्या. दुकानाच्या आवारातल्या सपाट डांबरावर अशी तुलना होत नाही.

125 सीसीची गाडी माझ्यासाठी नाही हे लगेच कळले, पण त्याचे कारण मला वाटले होते ते नव्हते. ती मला वाहून नेत होती. ट्रायल्स गाडीचा पहिला गिअर इतका लहान असतो की छोटे इंजिनही भक्कम माणसाला चढावर ओढते. अडचण वेगळी होती : चढाच्या पायथ्याशी आवश्यक ती ताकद मिळवण्यासाठी इंजिन खूप फिरवावे लागत होते आणि क्लचवर कसरत करावी लागत होती. नवशिक्याचे लक्ष ज्या वेळी तोलाकडे आणि पुढच्या दगडाकडे हवे, त्या वेळी माझे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे लागलेले होते. हलक्या, तरुण मुलांना 125 ही उत्तम शाळा ठरते, कारण ती क्लच शिकवते. माझ्या वजनाला ती शिकवण फार महाग पडली असती.

300 सीसीबद्दल सर्वाधिक मतभेद ऐकायला मिळतात. एका विक्रेत्याने मला पाहताक्षणीच ‘तुम्हाला 300 च हवी’ असे सांगून टाकले होते, आणि वरवर पाहता त्याचा हिशेब चुकीचाही नव्हता. 75 किलोंचा माणूस, त्याचे साहित्य आणि 70 किलोंची गाडी मिळून साधारण 152 किलो होतात; माझ्याबाबतीत हीच बेरीज 185 वर जाते. म्हणजे सुमारे 22 टक्के वाढ. 250 वरून 300 सीसीवर गेले की इंजिनाचा आकारही साधारण वीस टक्क्यांनी वाढतो. दोन्ही वाढी जुळतात, तेव्हा प्रश्न संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष चालवताना मात्र एक गोष्ट या हिशेबात धरलेली नाही हे जाणवले. ट्रायल्स गाडीची ताकद बहुतेक वेळ अर्धीही वापरली जात नाही. खरा प्रश्न असतो तो ॲक्सिलरेटर अगदी थोडा फिरवल्यावर ती किती अचानक येते याचा. दगडावरून उतरताना हादरा बसला की नवशिक्याचा मनगट नकळत फिरतो. हलक्या माणसाच्या हातून असे झाले तर गाडी उसळते आणि तो मागे पडतो. माझ्या हातून झाले तेव्हा 108 किलोंचे शरीर जागच्या जागी राहिले आणि गाडी त्याच्याखालून पुढे निसटू लागली. जड शरीराला मागून पुढे यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात हँडलला लटकतात, लटकलेला हात ॲक्सिलरेटर आणखी उघडतो, आणि मग गाडी कोणाचेच ऐकत नाही.

250 वर हाच प्रसंग आला तेव्हा मला सावरायला अवधी मिळाला. माझ्या वजनामुळे तिचा प्रतिसाद आपोआपच थोडा सौम्य झाला होता. 250 सीसीची गाडी माझ्याखाली एखाद्या सडपातळ माणसाच्या 200 सीसीच्या गाडीसारखी वागत असावी. चढावर ती कुठेही कमी पडली नाही. 300 ला मी सरसकट वर्ज्य म्हणणार नाही. काही कंपन्यांनी 300 चे मुद्दाम मवाळ प्रकार काढले आहेत, ताकद सावकाश सोडणारी ॲक्सिलरेटरची मूठ आणि जड फ्लायव्हील (इंजिनाचे फिरणे एकसारखे ठेवणारे चाक) बसवले की तीही शांत होते, आणि ज्याने आधी रानवाटांवर मोटारसायकली हाकल्या आहेत अशा वजनदार माणसाला ती शोभते. मी मात्र तोवर केवळ रस्त्यावरच्या गाड्या चालवल्या होत्या.

फोर-स्ट्रोकचा पर्याय मी गांभीर्याने विचारात घेतला होता. माँटेसा कंपनीची कोटा 4आरटी ही होंडाच्या तंत्रज्ञानावरची फोर-स्ट्रोक गाडी 2005 साली आली, आणि तिच्याच वंशातल्या गाड्यांवर स्पेनचा टोनी बोऊ 2007 पासून सातत्याने जगज्जेतेपदे मिळवत आला आहे. वजनदार चालकाला फोर-स्ट्रोकची दोन वैशिष्ट्ये विशेष आवडतात. एक म्हणजे तिची ताकद खालपासून एकसारखी येते. दुसरे म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला मागे खेचते, त्यामुळे उभ्या उतारावर आपले सारे वजन एकट्या ब्रेकवर येत नाही. या बदल्यात ती काही किलोंनी अधिक भरते, जुनी घेतली तरी महाग मिळते, आणि अगदी मंद वेगात कधी कधी कोणतीही सूचना न देता बंद पडते. ओढ्याच्या मध्यावर, उभ्या स्थितीत गाडी बंद पडली की जड माणूस कसा पडतो हे मी प्रत्यक्ष पाहिले होते. पहिल्या वर्षासाठी मला टू-स्ट्रोक अधिक योग्य वाटली. तिची दुरुस्तीही सोपी. पिस्टन बदलणे हे घरच्या गॅरेजमध्ये करता येण्यासारखे काम आहे.

जुन्या, मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असलेल्या गाड्यांचा मोह मला पडला होता हे नमूद केले पाहिजे, कारण तो अनेकांना पडतो. इंग्लंडमध्ये या जुन्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग भरतो. 1965 साली सॅमी मिलर यांनी बुल्टाकोच्या शेर्पा टी या स्पॅनिश टू-स्ट्रोक गाडीवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. तोवर ती स्पर्धा कोणत्याही परदेशी गाडीने जिंकलेली नव्हती, आणि शंभर किलोंहून जड असलेल्या ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचे युग तिथून उतरणीला लागले. मिलर स्वतः त्याआधी 500 सीसीच्या एरियलवर जिंकत आले होते. या शेर्पा गाड्या आजही सुंदर चालतात, त्यांना बऱ्यापैकी सीट असते, आणि त्या आजच्या गाड्यांपेक्षा लांब आणि जड असल्यामुळे उंच माणूस त्यांवर शोभूनही दिसतो. परंतु त्यांचे ब्रेक ड्रमचे आहेत आणि सस्पेन्शनची चाल कमी आहे. माझ्या वजनाला उतारावर डिस्क ब्रेक हवाच, असे एका गाडीवर एकच उतार उतरल्यानंतर माझे मत झाले. ज्याला अशा गाड्यांच्या जतनात आनंद आहे त्याने ती दुसरी गाडी म्हणून अवश्य घ्यावी.

अशा रीतीने 250 सीसी, टू-स्ट्रोक, डिस्क ब्रेकची, दहा वर्षांच्या आतली गाडी, इथवर निवड आली. कंपनीबाबत मी फारसा आग्रही नव्हतो. इटलीची बेटा, स्पेनच्या गॅसगॅस आणि टीआरएस, फ्रान्सची शेर्को या सगळ्यांच्या 250 सीसीच्या गाड्या नवशिक्याच्या कुवतीपेक्षा कितीतरी पुढच्या आहेत. (टीआरएस ही सात वेळा जगज्जेता ठरलेल्या जॉर्डी तारेस याने उभी केलेली कंपनी आहे.) मी दोनच गोष्टी पाहिल्या : माझ्या वजनाची जड स्प्रिंग त्या गाडीसाठी सहज मिळते का, आणि सुटे भाग देणारा कोणी जवळपास आहे का. या दोन्ही कसोट्यांवर बेटाची इव्हो मला सोयीची पडली. दुसऱ्या कोणाच्या गावात दुसरे नाव सोयीचे पडेल.

जुनी गाडी पाहताना काय तपासले तेही सांगतो. माझी तरतूद 3,500 पौंडांची होती. त्यातले 300 पौंड स्प्रिंगा, हँडल आणि बारीकसारीक सामानासाठी बाजूला काढून उरलेल्या रकमेत गाडी शोधायची, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. माझ्या बांध्याच्या माणसाने ही वजाबाकी आधीच करावी, कारण कारखान्यातून आलेली गाडी त्याच्यासाठी अर्धवटच असते.

गाडी थंड असताना पाहायला मिळावी असा आग्रह मी प्रत्येक ठिकाणी धरला. इंजिन आधीच तापवून ठेवलेले असेल तर किक मारताना ते किती सहज सुरू होते याचा अंदाज येत नाही. बेटाच्या क्लचची एक प्रसिद्ध खोड आहे : गाडी बराच काळ उभी राहिली की क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि गिअर टाकताच गाडी झेप घेते. पहिल्या मिनिटानंतर हे थांबत असेल तर काळजीचे कारण नाही, तापल्यावरही थांबत नसेल तर आहे. मग गाडी स्टँडसारख्या ठोकळ्यावर ठेवून मागचे चाक वर-खाली हलवायचे. मागच्या लिंकेजची (मागचे चाक आणि शॉकॲब्सॉर्बर यांना जोडणाऱ्या सांध्यांची) बेअरिंगे खिळखिळी असतील तर हाताला खुळखुळ जाणवते. चिखल आणि पाणी यांमुळे ही बेअरिंगे लवकर जातात आणि ती बदलायला वेळ लागतो. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवून ओरखडे पाहायचे. इंजिनाखालची संरक्षक पट्टी किती चेपली आहे आणि फूटरेस्ट धरणारे कान वाकले आहेत का हे खाली वाकून, दिवा धरून पाहायचे. वजनदार चालकाला फूटरेस्टचे कान सरळ आणि भक्कम मिळणे हे चकचकीत प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी मोलाचे. आणि शेवटी चेसिस नंबर : स्पर्धेच्या कित्येक गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणीच झालेली नसते, त्यामुळे नंबर खाडाखोड न झालेला, स्वच्छ वाचता येणारा असलाच पाहिजे.

जी गाडी मी घेतली ती यॉर्कशरच्या डेल्स या डोंगराळ भागातल्या एका निवृत्त गृहस्थांची होती. ते स्वतः माझ्यापेक्षा पाऊण फूट तरी बुटके होते. त्यांनी मला त्यांच्या अंगणातल्या दगडी पायऱ्यांवर गाडी चालवू दिली आणि माझे गुडघे पाहून ते स्वतःच म्हणाले, ‘‘हे हँडल तुम्ही आजच बदलून टाका.’’ त्या गाडीच्या मागच्या टायरच्या आतल्या कडा अजून धारदार होत्या, लिंकेजला नुकतेच ग्रीस भरलेले होते आणि त्यांनी प्रत्येक वेळी गिअर ऑइल बदलल्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्या वहीने माझा निर्णय पक्का केला.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरी आणल्यावर पहिले काम केले ते मागची स्प्रिंग मोजण्याचे. पद्धत सोपी आहे, फक्त दुसरा माणूस हवा. गाडी ठोकळ्यावर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवायचे आणि चाकाच्या आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचे उभे अंतर मोजायचे. मग चालकाने बूट-हेल्मेटसह गाडीवर नेहमीच्या स्थितीत उभे राहायचे आणि तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोहोंतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसली ते. माझी पत्नी टेप घेऊन मागे बसली. मी गॅरेजच्या भिंतीला एक बोट टेकवून तोल सांभाळत होतो, तर ती म्हणाली, ‘‘भिंतीला हात लावू नकोस, माप बदलतंय,’’ आणि खरोखरच बोट उचलल्यावर माप चार मिलिमीटरने बदलले. या गाड्यांच्या मागच्या चाकाची वर-खाली होण्याची एकूण चाल साधारण 160 ते 180 मिलिमीटर असते, आणि चालक उभा असताना तिच्यातला एक तृतीयांश, म्हणजे 55 ते 60 मिलिमीटर, वापरला जावा असा संकेत आहे. माझ्या गाडीवर तो आकडा 84 आला.

याचा परिणाम केवळ गाडी मऊ वाटण्यापुरता नसतो. मागची बाजू अडीच सेंटिमीटर अधिक बसली की पुढचा फोर्क तेवढा मागे झुकतो. मग वळणावर पुढचे चाक मातीत रुतण्याऐवजी बाहेर सरकत जाते, आणि उभ्या चढावर ते वेळेआधीच वर उचलले जाते. नवशिक्या चालक हे सारे आपल्या कौशल्याच्या खाती मांडतो आणि महिनोन्महिने चुकीच्या गोष्टीचा सराव करतो. मला हे विशेष कळकळीने सांगावेसे वाटते, कारण ट्रायल पाहायला जाताना मी असे दोन-तीन वजनदार चालक पाहिले होते जे वळणावळणाला पाय टेकत होते आणि स्वतःलाच दोष देत होते.

स्प्रिंगचा नट आवळून हा फरक भरून काढता येतो असे पुष्कळ जण समजतात. नट आवळल्याने गाडी वर येते हे खरे, पण स्प्रिंगचा कडकपणा वाढत नाही. परिणामी गाडी नुसती उभी असताना ताठरते आणि मोठ्या दगडावरून उतरताना मात्र पूर्वीसारखीच तळाला आपटते. उपाय एकच, आपल्या वजनाला साजेशी जड स्प्रिंग. ती शंभर पौंडांच्या आत मिळाली, बदलायला एक संध्याकाळ लागली, आणि त्यानंतर माप 58 मिलिमीटरवर आले. पुढच्या फोर्कमध्येही जड स्प्रिंग घातली. मागे जड आणि पुढे मूळची अशी जोडी ठेवली असती तर गाडी पुढे झुकून उतारावर त्रास झाला असता.

हँडलचे काम त्यानंतर घेतले, कारण स्प्रिंग बदलल्यावर गाडीची उंचीच बदलते. ट्रायल्सची हँडले त्यांच्या उभारीवर ओळखली जातात : 5 इंची, 5.5 इंची, 6 इंची. माझ्या गाडीवरचे कमी उभारीचे काढून मी 6 इंची बसवले आणि खाली ठोकळे घालून आणखी थोडे उचलले. इथे एक मोह टाळावा लागतो. उंच माणसाला हँडल मागे, पोटाकडे वळवून घ्यावेसे वाटते, कारण उभ्या-उभ्या ते आरामशीर लागते. पण पूर्ण वळणात तेच हँडल गुडघ्यावर आदळते. त्यामुळे मी ते फोर्कच्या रेषेत, किंबहुना किंचित पुढे कललेले ठेवले. फार उंच हँडलही हितकारक नसते, कारण खांद्यांच्या पातळीला आलेल्या हातांनी गाडी ढकलता येत नाही.

फूटरेस्ट खाली आणि मागे नेणारे जोड मिळतात. साधारण एक सेंटिमीटर खाली नेल्याने गुडघ्यांना जागा मिळते आणि भारही खाली येतो, म्हणून तेवढे मी केले. मागे नेणे मात्र टाळले. सडपातळ माणसाला त्याचा फायदा होतो. माझे वजन आणखी मागे गेले असते तर चढावर पुढचे चाक हाताबाहेर गेले असते. मूळ फूटरेस्टऐवजी रुंद बसवले, कारण बाराव्या मापाच्या बुटाला अरुंद फूटरेस्टवर पकड मिळत नाही. मोठ्या पायाची आणखी एक गोष्ट कोणीच सांगत नाही : ट्रायल्स गाडीचा गिअरचा दांडा मुद्दाम बराच पुढे ठेवलेला असतो, जेणेकरून सेक्शनमध्ये बूट लागून गिअर पडू नये. माझा बूट तिथवर पोहोचत होता. दांडा त्याच्या दात्यांवर एक घर वर सरकवला आणि तो त्रास संपला.

मग क्लबच्या ट्रायलमध्ये, सर्वांत सोप्या मार्गाचे बाण पाहत, मी पहिल्यांदा उतरलो. दहा सेक्शन, चार फेऱ्या. त्यातला एक सेक्शन ओढ्यातून वर येऊन बीच वृक्षाच्या मुळांवरून डावीकडे वळत होता. पहिल्या फेरीत मागचे चाक मुळावर सटकले, मी तीन गुण घालवले. निरीक्षकांनी मार्ग दाखवला : मुळाला काटकोनात भिडा आणि त्याआधी ॲक्सिलरेटर सोडा. दुसऱ्या फेरीत पुढचे चाक मुळावर हलके चढले, स्प्रिंग मध्यापर्यंत दबली आणि गाडी बाहेर न सरकता वळली. शेवटच्या फेरीत तो सेक्शन शून्यात निघाला. दिवसाअखेर पिंढऱ्या आणि मांड्या दुखत होत्या, कंबर दुखत नव्हती, आणि माझ्या मापाची गाडी झाली आहे याची ती सर्वांत विश्वासार्ह खूण होती.

आता उरलेले काम हवेचे आहे. मागच्या टायरमध्ये हलके चालक 4 पीएसआयच्या आसपास हवा ठेवतात, कारण मऊ टायर दगडाला घट्ट बिलगतो. माझ्या वजनाला त्या हवेवर टायर कडेने दुमडतो आणि रिम दगडावर आपटते, म्हणून मी 5 ते 5.5 ठेवतो आणि पुढे 7. कोरड्या दगडांवर हे उत्तम चालते. ओल्या मुळांवर पकड थोडी कमी पडते, आणि त्यासाठी हिवाळ्यात अधिक कडक कडांचा टायर घालून पाहण्याचा विचार आहे. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी कमी दाबाचे, शून्य ते पंधरा पीएसआय दाखवणारे मापक गाडीसोबतच घ्यावे; पेट्रोल पंपावरचा काटा इतक्या कमी हवेत काहीच नीट सांगत नाही.